टिपणातील आकडे टिपणातच मोजण्याची पद्धत

रब्बीची पेरणी तोंडावर आली म्हणजे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या लेखणीला उसंत राहत नाही. माती परीक्षणाचे निष्कर्ष हाती आलेले असतात, शेतकऱ्यांना खताची मात्रा सांगावयाची असते, आणि प्रत्येकाचे क्षेत्र निराळे, जमीन निराळी, दुकानात मिळालेले खतही निराळे. कार्यकर्ता गणकयंत्रावर हिशेब करतो, उत्तर एका चिठ्ठीवर टिपून घेतो आणि मग ते सल्ल्याच्या टिपणात लिहितो. हिशेब एके ठिकाणी आणि वाक्य दुसऱ्या ठिकाणी, अशी ही रीत आहे. या दोन ठिकाणांच्या मधल्या प्रवासात आकडा पुष्कळदा वाट चुकतो. शेतकरी मात्र वाक्यच वाचतो. चिठ्ठीवरचा हिशेब बरोबर होता, हे समाधान त्याच्या पिकाच्या उपयोगी पडत नाही.

हा प्रवासच टाळण्याची एक पद्धत आज उपलब्ध आहे. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये टिपण लिहावयाचे, आणि वाक्यात जेथे आकडा यावयाचा तेथे आकडा न लिहिता तो काढण्याचा हिशेबच लिहावयाचा. संगणक टिपण तयार करताना तो हिशेब करतो आणि त्याचे उत्तर वाक्यात बसवितो. पद्धतीचे सारे मर्म एवढेच आहे. तथापि ती कोठे उपयोगी पडते आणि कोठे फसविते, हे एका उदाहरणावरून नीट पाहणे इष्ट होईल.

साठ आर गव्हाचे उदाहरण

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. एका शेतकऱ्याचे गव्हाचे क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे ६० आर, म्हणजे सुमारे दीड एकर आहे, असे समजा. त्यास नत्र ७२ किलो, स्फुरद ३६ किलो व पालाश २४ किलो लागेल. युरियात ४६ टक्के नत्र असते. तेव्हा ७२ ला ०.४६ ने भागले असता युरिया १५६.५ किलो येतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के. म्हणून ते २२५ किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के. म्हणून ते ४० किलो. स्फुरद व पालाश यांची सर्व मात्रा व नत्राची अर्धी मात्रा पेरणीच्या वेळी द्यावयाची आणि उरलेले नत्र पेरणीनंतर तीन आठवड्यांनी, पाण्याच्या पाळीबरोबर. म्हणजे युरियाचे दोन हप्ते प्रत्येकी ७८ किलोच्या आसपास होतात.

येथवर सर्व सोपे आहे. शेतकऱ्याला किलोपेक्षा गोण्यांची भाषा जवळची, म्हणून कार्यकर्ता पुढे लिहितो: ‘युरिया तीन गोण्या व साडेसहा किलो.’ गोणी ५० किलोची होती तोपर्यंत हे वाक्य बरोबर होते. २०१८ साली युरियाची गोणी ४५ किलोची झाली. ज्या टिपणांत ‘तीन गोण्या व साडेसहा किलो’ हे शब्द तसेच राहिले, ती टिपणे वाचून चालणारा शेतकरी १५६.५ किलोऐवजी १४१.५ किलोच युरिया टाकणार. १५ किलो युरिया कमी, म्हणजे नत्र जवळजवळ ७ किलो कमी. टिपण लिहिणाऱ्याची गणिती चूक यात काहीच नाही. वाक्य जागच्या जागी राहिले आणि गोणी बदलली, एवढेच घडले.

दुसरा प्रकार याहून अधिक फसवा आहे. सुपर फॉस्फेट मिळाले नाही आणि शेतकऱ्याने डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे डीएपी, आणले. त्यात स्फुरद ४६ टक्के व नत्र १८ टक्के असते. ३६ किलो स्फुरदासाठी डीएपी ७८.३ किलो लागेल. कार्यकर्ता टिपणातील सुपर फॉस्फेटचे वाक्य खोडून डीएपीचे वाक्य लिहितो, आणि युरियाच्या वाक्याला हात लावीत नाही. परंतु या डीएपीबरोबर १४.१ किलो नत्रही शेतात गेलेले असते. तेव्हा युरियातून उरलेले ५७.९ किलो नत्रच द्यावयाचे, म्हणजे युरिया १२५.९ किलो पुरे. जुने वाक्य राहिले तर सुमारे ३०.६ किलो युरिया अकारण पडेल, नत्र शिफारशीपेक्षा वीस टक्क्यांच्या जवळपास जास्त होईल, गहू लोळण्याचा धोका वाढेल आणि पैसा जाईल तो निराळाच. यात एक बारकी मौजही आहे. या क्षेत्रापुरता डीएपीचा आकडा आणि युरियाच्या एका हप्त्याचा आकडा दोन्ही ७८.३ च येतात. घाईने वाचणाऱ्यास वाटावे, की हे एकाच खताचे वजन दोनदा लिहिले गेले. आणि तो त्यांतील एक खोडून मोकळा होईल.

२०२३ साली केंद्र शासनाने गंधकाचे आवरण असलेल्या युरियास मान्यता दिली. ‘युरिया गोल्ड’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात नत्र ३७ टक्के, गंधक १७ टक्के आणि गोणी ४० किलोची. म्हणजे गोणीचे वजनही बदलले आणि टक्केवारीही बदलली. ४५ किलोच्या गोणीसाठी लिहिलेले ‘तीन गोण्या व साडेएकवीस किलो’ हे वाक्य जर कोणी या खतास लावले, तर शेतात ७२ किलोऐवजी ५२ किलोच नत्र पोचेल. वास्तविक या युरियाची मात्रा १९४.६ किलो, म्हणजे पाच गोण्यांना थोडी कमी, होते.

या तिन्ही प्रसंगांत मूळचे सूत्र एकच होते: नत्र भागिले टक्केवारी. बदलली ती सूत्रातील एखादी राशी. सूत्र टिपणातच असते, तर बदललेली राशी एका ठिकाणी दुरुस्त करताच प्रत्येक वाक्य आपोआप दुरुस्त झाले असते.

टिपण कसे लिहावे

या कामासाठी अनेक साधने आहेत. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठांतून शिकलेल्या पुष्कळांना संख्याशास्त्राची ‘आर’ ही संगणकभाषा निदान नावाने तरी ठाऊक असते. (ही आर म्हणजे सातबाऱ्यावरील आर नव्हे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाते.) ती विनामूल्य मिळते, आणि तिच्या जोडीला साध्या मजकुरात हिशेब बसविणारी ‘निटर’ नावाची जोडणीही विनामूल्य मिळते.

टिपणाच्या फाईलमध्ये दोन प्रकारचा मजकूर असतो. आरंभी एक वेगळा राखलेला भाग येतो. त्यात राशींना नावे द्यावयाची. क्षेत्र किती, नत्राची शिफारस किती, युरियातील नत्राचे प्रमाण किती, गोणीचे वजन किती, हे सर्व येथे एकदाच लिहावयाचे. त्यानंतर नेहमीचे वाक्य सुरू होते, आणि वाक्याच्या पोटात दोन उलट्या अवतरणचिन्हांमध्ये हिशेब येतो. हे चिन्ह कळफलकावर डाव्या हातास वरच्या कोपऱ्यात, एक या अंकाच्या शेजारी असते. पहिल्या चिन्हाला लागून भाषेचे नाव, मग एक मोकळी जागा, मग हिशेब आणि शेवटी पुन्हा तेच चिन्ह. संगणकावर भाषेचे नाव व अंक रोमन लिपीतच लिहावे लागतात. येथे केवळ समजण्यासाठी ते देवनागरीत दाखविले आहे:

युरिया एकूण `आर नत्र * क्षेत्र / ०.४६` किलो घ्यावा.

टिपण तयार करण्याची आज्ञा देताच या ओळीचे रूप असे होते:

युरिया एकूण १५६.५ किलो घ्यावा.

हिशेबाची खूण नाहीशी होते, उत्तर तेवढे राहते आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा कागद नेहमीच्या टिपणासारखाच दिसतो. मूळ फाईल मात्र कार्यालयात राहते, आणि तीत प्रत्येक आकडा कोठून आला हे स्पष्ट लिहिलेले असते. वाक्यात ०.४६ असे न लिहिता ‘युरियातील नत्र’ असे नाव वापरावे, हे अधिक चांगले. मग खत बदलल्यास आरंभीच्या भागातील एक ओळ बदलावी लागते. वाक्यांना हात लावावा लागत नाही. डीएपीच्या उदाहरणात युरियाचे सूत्रच ‘एकूण नत्र वजा डीएपीतील नत्र’ असे लिहिलेले असावे. डीएपी वापरले नाही तर ती राशी शून्य होईल आणि सूत्र तेच राहील.

आज्ञा दिल्यावर फाईल ‘विणली’ जाते, असा शब्द या क्षेत्रात रूढ आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९८४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी, संगणकाची आज्ञावली माणसाने वाचावयाच्या लेखासारखी लिहावी, असा विचार मांडला. त्यांच्या साधनाचे नाव ‘वेब’, म्हणजे जाळे. आणि त्यातील एका कामाचे नाव विणणे. २००२ साली व्हिएन्ना येथे फ्रेडरिक लाइश यांनी हाच विचार संख्याशास्त्रीय अहवालांस लावला. त्यांच्या साधनाच्या नावातही विणकाम आहे. २०१२ च्या सुमारास यिहुई शिए यांनी तयार केलेल्या निटरने तो सामान्य वापरात आणला. आणखी एक घराणे वेगळे आहे. कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली सुरू केलेल्या ‘ऑर्ग’ पद्धतीत उत्तर त्याच मूळ फाईलमध्ये, हिशेबाच्या शेजारीच लिहिले जाते. त्यामुळे हिशेब आणि उत्तर एका नजरेत दिसतात. पण मूळ राशी बदलून पुन्हा हिशेब केला नाही तर शेजारी शिळे उत्तर तसेच राहते, हे तेथे ध्यानात ठेवावे लागते. नवशिक्याने निटरची वाट धरावी, असे म्हणण्यास हरकत नाही. त्यात शिळे उत्तर मूळ फाईलमध्ये उरतच नाही.

साधाच मजकूर का?

टिपण सजविलेल्या लेखनप्रणालीत न लिहिता साध्या मजकुरात लिहिण्याचे कारण केवळ तांत्रिक नाही. महाराष्ट्रातील कार्यालयांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी कागदपत्रे संगणकावर उघडली, तर पुष्कळदा रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. ती विशिष्ट टंकाच्या आधाराने लिहिलेली होती, आणि तो टंक आता त्या यंत्रावर नाही. युनिकोडमध्ये लिहिलेली साधी फाईल या संकटातून सुटते. ती कोणत्याही यंत्रावर उघडते, तिचा आकार अल्प असतो, आणि गेल्या वर्षीच्या व यंदाच्या टिपणात नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या हे संगणकाकडून ओळवार काढून घेता येते. शिफारशीचा आकडा कोणी व केव्हा बदलला, असा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. फाईल साठविताना संकेतन ‘यूटीएफ-८’ असल्याची खात्री मात्र करावी.

अडचणीच्या जागा

पहिली अडचण अंकांची. माहितीच्या यादीत कोणी ६० हा आकडा देवनागरीत लिहिला तर आर भाषा त्यास संख्या न समजता अक्षरे समजते, आणि हिशेब अडतो. म्हणून यादीत रोमन अंकच लिहावेत. छापील टिपणात देवनागरी अंक हवे असतील, आणि शेतकऱ्यासाठी ते हवेतच, तर उत्तर छापण्यापूर्वी दहाही अंकांची अदलाबदल करणारी एक छोटी आज्ञा आरंभीच्या भागात लिहून ठेवावी.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर अशा तीन भागांत, मध्ये दोन टिंबे देऊन लिहिलेले असते. ‘०.६०.००’ ही संख्या नव्हे. यंत्र ती वाचू शकत नाही. यादीत ती ०.६० अशी उतरावी लागते. चौरस मीटर असतील तर तेही पुढे जोडावे: ०.६०.५० म्हणजे ०.६०५० हेक्टर. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो. ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. हे रूपांतरही टिपणातच सूत्ररूपाने असावे; कार्यकर्त्याने ते मनात करून उत्तर लिहू नये. एकरासाठी हेक्टरी मात्रा लागू झाली, तर खत अडीचपट पडेल.

आकडा गोल करण्याचा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो, पण टिपणात सर्वाधिक घोटाळा तेथेच होतो. गोल करणे ही शेवटची पायरी असावी. हेक्टरी ५.८ गोण्या होतात म्हणून आधी सहा धरल्या आणि मग ०.६० ने गुणले, तर ३.६ गोण्या, म्हणजे १६२ किलो युरिया येतो; खरा आकडा १५६.५ आहे. विकत घेताना पूर्ण गोण्याच घ्याव्या लागतात, म्हणजे चार. टाकावयाचे वजन मात्र १५६.५ किलोच. हे दोन आकडे निरनिराळे आहेत, आणि टिपणात ते दोन निरनिराळ्या वाक्यांत यावेत. ‘घ्याव्यात’ आणि ‘टाकावा’ यांतील फरक शेतकऱ्यास सांगितला नाही, तर घेतलेले सर्व खत शेतात जाते. आणखी एक बाब: आर भाषेस अडीच हा आकडा गोल करावयास सांगितला तर ती दोन असे उत्तर देते, तीन देत नाही, बरोबर अर्धा आला म्हणजे जवळची सम संख्या घेण्याचा तिचा नियम आहे. खरेदीच्या गोण्यांसाठी वरची पूर्ण संख्या देणारी निराळी आज्ञा आहे, तीच वापरावी. तसेच लाख व त्यापुढचे आकडे निटर कधी कधी दहाच्या घातात छापतो. तालुक्याच्या एकूण खतमागणीच्या वाक्यात ‘१.२ गुणिले दहाचा पाचवा घात’ असे छापून आले, तर वाचणाऱ्याचा विश्वास उडेल. लाख-कोटींचे स्वल्पविराम योग्य जागी देऊन आकडा छापण्याची सोय आधीच करून ठेवावी.

मराठी वाक्याचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. आकडा एक आला तर ‘१ गोणी घ्यावी’ आणि चार आला तर ‘४ गोण्या घ्याव्यात’. नाम बदलते, क्रियापदही बदलते. म्हणून केवळ आकडा मोजून भागत नाही. त्याच्यासोबतचे शब्दही आकड्यावरून ठरले पाहिजेत. हे काम ‘जर-तर’ या एका ओळीने होते. त्याहून महत्त्वाचे असे, की ‘वाढवावी’, ‘कमी करावी’, ‘पुरेसे आहे’ यांसारखे निर्णयाचे शब्द कधीही हाताने लिहून ठेवू नयेत. मातीतील उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी म्हणजे अल्प, अशी मर्यादा आहे. एखाद्या ठिकाणी अल्प नत्रास पंचवीस टक्के वाढ देण्याची रीत असेल, तर वरील शेतकऱ्याचे नत्र ९० किलो व युरिया १९५.७ किलो होईल. आता आकडा आपोआप वाढला, पण त्यापुढे ‘जमिनीत नत्र मध्यम असल्याने’ हे शब्द जुन्या टिपणातून तसेच राहिले, तर बरोबर आकडा आणि चुकीचे कारण असे विचित्र वाक्य तयार होते. विचार करणारा शेतकरी अशा वाक्यावर बोट ठेवतो, आणि त्याने ठेवावेच.

रिकाम्या जागेविषयी स्वतंत्र सांगणे अवश्य आहे. समजा, चार नमुन्यांपैकी तिघांचे नत्र २१०, २४५ व १९० आले आणि एकाचे परीक्षण व्हावयाचे आहे. ती जागा रिकामी ठेवली तर आर भाषा सरासरी देण्याचे नाकारते आणि वाक्यात ‘एनए’ ही दोन अक्षरे छापते, म्हणजे ‘उपलब्ध नाही’. पुष्कळांना हे गैरसोयीचे वाटते आणि ते तेथे शून्य भरतात. मग सरासरी १६१ येते. जमिनीत नत्र शून्य आहे, असे सांगितल्यावर यंत्र तरी काय करणार? खरी सरासरी तीन नमुन्यांची, म्हणजे २१५ आहे, आणि वाक्यही ‘चारपैकी तीन नमुन्यांची सरासरी’ असेच असावे. त्यातील चार आणि तीन हे आकडेसुद्धा यादीवरून मोजलेले असावेत.

वाक्यच नको असते तेव्हा

खरिपातील सोयाबीनचे घरचे बियाणे हे याचे चांगले उदाहरण आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहण्याची पद्धत गावोगावी परिचित आहे. ७० टक्के उगवणीस हेक्टरी ७५ किलो बियाणे धरले, आणि शंभरातून ६४ दाणेच उगवले, तर तितकीच रोपे उभी राहण्यासाठी व्यस्त त्रैराशिकाने ८२ किलो बियाणे लागेल. हे सूत्र वाक्यात सहज बसते. पण तेच सूत्र २० टक्के उगवणीसही निमूटपणे उत्तर देईल: हेक्टरी २६२ किलो. गणित बिनचूक आहे आणि सल्ला निरुपयोगी आहे. असल्या बियाण्यातील उगवलेल्या दाण्यांचा जोमही भरवशाचा नसतो. म्हणून कोणत्या मर्यादेखाली मात्रेचे वाक्य छापूच नये आणि त्याऐवजी ‘हे बियाणे पेरू नये’ असे वाक्य यावे, हे कृषी अधिकाऱ्याने आधी ठरवून सूत्रात घालावे. ही मर्यादा यंत्र ठरवीत नाही.

एका चुकीचे दोनशे कागद

हाताने लिहिलेल्या टिपणातील चूक एका शेतकऱ्यापुरती असते. मोजणाऱ्या टिपणाचा साचा एकदा झाला, की तोच साचा गावातील दोनशे शेतकऱ्यांच्या यादीवर फिरविता येतो. प्रत्येकाचे नाव, क्षेत्र व माती परीक्षणाचे आकडे यादीतून घेऊन दोनशे कागद काही क्षणांत निघतात. सूत्र चुकले असेल तर दोनशेही कागद चुकलेले असतात, आणि सर्व सारखेच नीटनेटके दिसतात. ही या पद्धतीची खरी जोखीम आहे. ७२ ला ०.४६ ने भागण्याऐवजी कोणी गुणले, तर युरिया ३३ किलो येतो. दीड एकरास ३३ किलो हा आकडा डोळ्यांत भरण्याइतका विचित्र नाही. एखादा हप्ता असेल, असे समजून तो निसटतो.

म्हणून छपाईपूर्वी निदान तीन कागद हाताने पडताळावेत: सर्वांत लहान क्षेत्राचा, सर्वांत मोठ्या क्षेत्राचा, आणि ज्याच्या यादीत काही वेगळे आहे, उदाहरणार्थ डीएपी घेतलेला किंवा नमुना बाकी असलेला, असा एक. पडताळा उलट दिशेने करावा. युरियाचे वजन ०.४६ ने गुणून नत्र परत येते की नाही, ते पाहावे. १५६.५ गुणिले ०.४६ म्हणजे ७२, जमले. ज्या दिशेने यंत्र गेले त्याच दिशेने पुन्हा जाऊन तीच चूक दोनदा करण्यापेक्षा हे सुरक्षित आहे. शक्य असेल तेथे हा उलट हिशेब टिपणाच्या तळाशी एका ओळीत छापावाच: ‘या मात्रेतून मिळणारे नत्र ७२ किलो, स्फुरद ३६ किलो, पालाश २४ किलो.’ शेतकऱ्याच्या घरी शाळेत जाणारे मूल असेल, तर तेही ही ओळ गोणीवरील टक्केवारीशी ताडून पाहू शकेल. शेतकरी बंधूंनीही कागद हाती येताच आपले क्षेत्र बरोबर छापले आहे किंवा नाही आणि आणलेल्या गोणीवरील वजन व टक्केवारी कागदावरील आकड्यांशी जुळते किंवा नाही, या दोन गोष्टी पाहाव्यात. जुळत नसल्यास खत टाकण्यापूर्वी विचारावे. दुसऱ्या गावच्या पाहुण्याचा कागद स्वतःच्या शेताला लावू नये. त्यातील प्रत्येक आकडा त्या पाहुण्याच्या क्षेत्रावरून व त्याच्या मातीवरून निघालेला असतो.

यादीत शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक यांसारखी माहिती ठेवू नये. खतमात्रेच्या हिशेबास तिची गरज नाही, आणि साधी फाईल कोणीही उघडू शकतो.

छपाईसाठी प्रथम वेब-पानाचे किंवा नेहमीच्या लेखनप्रणालीचे रूप काढावे. थेट पीडीएफ काढताना देवनागरी टंकाची निराळी व्यवस्था करावी लागते, आणि आरंभी तिच्यात गुंतून पडण्याचे कारण नाही. प्रत्येक कागदावर तो विणल्याची तारीख संगणकाकडूनच छापून घ्यावी. मूळ टिपण, माहितीची यादी आणि वाटलेल्या कागदांची एक प्रत ही तिन्ही एकाच ठिकाणी, हंगामाच्या नावाने ठेवावीत. पुढील रब्बीत टिपण पुन्हा काढण्यापूर्वी विक्री केंद्रावर जाऊन त्या वर्षी आलेल्या गोण्यांवरील छापील वजन व अन्नद्रव्यांची टक्केवारी प्रत्यक्ष वाचावी, विद्यापीठाची त्या वर्षीची शिफारस पाहावी, आरंभीच्या भागातील राशी त्याप्रमाणे तपासाव्यात आणि मगच फाईल विणावयास द्यावी.